घरी बांधलेल्या विमानाचे वजन कोणी केले?

महोदय,

गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये कोणी विमान बांधले की त्याची बातमी छायाचित्रासह येते. बांधणाऱ्याच्या जिद्दीचे कौतुक असते, इंजिन कुठले बसवले ते असते, आणि बहुधा 'भंगारातून' हा शब्दही असतो. रिकामे विमान किती वजनाचे भरले, गुरुत्वमध्य (विमानाचा तोल साधणारा बिंदू) कुठे आला, इंधनाचा प्रवाह मोजून पाहिला का, आणि बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने ते उघडून तपासले का, यांतले काहीच नसते. लहान विमानांची बांधणी आणि तपासणी जवळून माहीत असलेल्या आम्हा मंडळींना ही उणीव फार खटकते, कारण अशी बातमी वाचून उद्या एखादा हौशी तरुण कामाला लागतो आणि त्याला वाटते की पंख लागले, इंजिन गुरगुरले, म्हणजे झाले.

हा छंद जुना आहे आणि त्याची शिस्तही जुनी आहे. ब्राझीलचे आद्य वैमानिक सांतोस-द्युमाँ यांनी आपल्या 'देम्वाझेल' या चिमुकल्या विमानाचे आराखडे विसाव्या शतकाच्या आरंभीच सर्वांना खुले केले होते. बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२९मध्ये फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे इंजिन बसवून लाकडी 'एअर कँपर' उडवले; त्या आराखड्यांवरून आजही विमाने बांधली जातात. अमेरिकेत १९५३मध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिथल्या नियमानुसार विमानाच्या घडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असावे लागते. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक काम टप्प्याटप्प्याने तपासतात. म्हणजे घरी बांधलेले विमान हा चमत्कार राहिलेला नाही. ते चांगले कसे बांधायचे हे लिहून ठेवलेले आहे, आणि ते वाचायला हवे.

नवशिक्याने स्वतःच्या डोक्यातले विमान बांधू नये, हे आमचे ठाम मत. १९३०च्या दशकात आंरी मिन्ये यांचे 'पू द्यू सिएल' हे एकामागे एक दोन पंखांचे विमान शेकडो हौशींनी बांधले. त्यातली काही सूर मारताना वर आलीच नाहीत, माणसे गेली. वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) पूर्ण आकाराचे विमान ठेवून पाहिले तेव्हा कारण कळले: नाक ठरावीक मर्यादेपलीकडे खाली गेले की पुढच्या आणि मागच्या पंखांचा एकमेकांवर असा परिणाम होई की वैमानिकाने नियंत्रणाचा दांडा कितीही ओढला तरी नाक वर येत नसे. १९३६मध्ये त्या विमानांवर बंदी आली. ज्यांनी लाकूडकाम अगदी नेटके केले होते तेही यातून सुटले नव्हते, कारण दोष आराखड्यातच होता. म्हणून आधी बऱ्याच जणांनी बांधलेला आणि उडवलेला आराखडा घ्यावा. त्यात 'थोडी सुधारणा' करण्याचा मोह तर पहिल्या विमानापुरता नक्कीच आवरावा. टाकी अर्धा हात मागे सरकवली, बॅटरी शेपटीकडे नेली, असे किरकोळ वाटणारे बदल गुरुत्वमध्य बिघडवतात.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. पहिल्या बांधणीसाठी छिद्रे आधीच पाडून आलेला ॲल्युमिनियमचा संच आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. पत्रे क्लिकोंनी (तात्पुरत्या पकडखुंट्यांनी) धरायचे, छिद्रे मापात आणायची, सगळे पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक छिद्राची बर (कडेला उरलेला धारदार कीस) काढायची, गंजरोधक प्रायमर लावायचा आणि मग रिव्हेट मारायचे. बर काढण्याचा कंटाळा केला तर पत्रे एकमेकांवर घट्ट बसत नाहीत, आणि छिद्राच्या त्याच ओरखड्यातून पुढे तडा सुरू होतो. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकत्रित जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. मारल्यावर मागे तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे जाड हवे, ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.८ रुंद आणि १.६ जाड. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे. मागे धरलेला ठोकळा कलला की डोके एका बाजूला झुकते. असा रिव्हेट काढायला गेलेला ड्रिल घसरून छिद्र लांबट होते आणि मग जाड रिव्हेट वापरायची पाळी येते, तर कडेचे अंतर कमी पडते. त्यामुळे किंचित सदोष रिव्हेट मर्यादेत बसत असेल तर तसाच राहू द्यावा. हा निर्णय नवशिक्याला जड जातो, म्हणून सुरुवातीला अनुभवी माणूस शेजारी हवा. टाकाऊ पत्र्यावर हात बसल्याशिवाय विमानाच्या पत्र्याला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

लाकडात सगळा भरवसा सांध्यांवर असतो. तंतूंची रेघ लाकडाच्या लांबीशी १५ला १पेक्षा जास्त तिरकी नसावी. इपॉक्सी कालवला की त्याच मिश्रणातला एक नमुना-सांधा टाकाऊ तुकड्यांवर जोडावा, त्यावर तारीख घालावी आणि पूर्ण वाळल्यावर तो मोडून पाहावा. लाकडाचे तंतू फाटले तर सांधा चांगला. गोंदाचा गुळगुळीत थर उघडा पडला तर त्या दिवशीचे सगळे सांधे संशयास्पद. कारणे ठरलेली: प्रमाण चुकले, खोली थंड होती, बोथट रंध्याने पृष्ठभाग घासून चकचकीत झाला होता, किंवा शिकंजा इतका आवळला की गोंद बाहेर निघून गेला आणि सांधा उपाशी राहिला.

पॉलिएस्टर कापड इस्त्रीने आकसवून ताणतात. इस्त्रीवरचे आकडे खरे धरू नयेत, तापमापीने पडताळावेत. शेवटचा ताण साधारण १७७ अंश सेल्सिअसला देतात आणि २०५च्या आसपास गेले की कापड उलट सैल पडू लागते. उन्हातले अतिनील किरण हे कापड खातात, म्हणून रंगाखाली ॲल्युमिनियमच्या भुकटीचा थर लागतोच. फायबर आणि फोमच्या विमानाला पांढरा रंग देतात तो शोभेसाठी नव्हे: गडद पृष्ठभाग उन्हात इतका तापतो की रेझिन मऊ पडू शकते.

बोल्टच्या बाबतीत तडजोड नाही. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याची ताकद कोणी हमीने सांगत नाही. विमानाचा ३/१६ इंची बोल्ट साधारणपणे २० ते २५ इंच-पौंड आणि पाव इंची ५० ते ७० इंच-पौंड आवळतात. स्वतः घट्ट फिरणाऱ्या लॉक-नटचा मूळ अडसर (तो मोकळा फिरवतानाही लागणारा जोर) आधी मोजून या आकड्यात मिळवायचा असतो. तो न मिळवल्याने ढिले राहिलेले बोल्ट तपासणीत वारंवार सापडतात. नायलॉनचे नट इंजिनाच्या कप्प्यात वापरू नयेत, तिथे पूर्ण धातूचे हवेत. जो सांधा फिरतो, उदाहरणार्थ नियंत्रणाची बिजागरी, तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिन (नट फिरू न देणारी आरपार पिन). आवळून झाले की नट आणि पत्र्यावरून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट हलला आहे हे लांबूनच कळते.

मोटारीचे इंजिन बसवण्याची ओढ समजण्यासारखी आहे. पण बिघडते ते बहुधा इंजिनाच्या पोटात नसतेच. वेग कमी करणारा पट्टा किंवा गिअर, रेडिएटर, इंधनाची नळी, इग्निशनची तार यांतले काहीतरी आधी दगा देते. रस्त्यावर इंजिन क्वचितच पूर्ण ताकदीने चालते, विमानात ते तासन्‌तास तीनचतुर्थांश ताकदीवर असते. शिवाय प्रोपेलर आणि क्रँकशाफ्ट यांच्यातली पिळाची कंपने एखाद्या ठरावीक गतीला वाढून दात किंवा कपलिंग तोडतात. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे हलक्या विमानांचे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत चालते आणि २.४३ला १ या गिअरने प्रोपेलर सावकाश फिरवते; ती जोडी एकत्र घडवलेली आणि चाचणी केलेली असते. पहिल्या विमानाला अशीच जोडी घ्यावी.

इंधनाची चाचणी जमिनीवरच होते आणि तरीही ती सर्रास टाळली जाते. विमानाचे नाक चढताना असते त्याहून थोडे जास्त उचलून ठेवायचे, टाकीत थोडेच इंधन ठेवायचे, कार्बोरेटरकडची नळी सोडून मापाच्या डब्यात धरायची आणि घड्याळ लावायचे. इंधन केवळ उंचीमुळे वाहत असेल तर पूर्ण ताकदीला लागणाऱ्या प्रवाहाच्या १५० टक्के, पंप असेल तर १२५ टक्के मिळायला हवे. इंजिन तासाला २७ लिटर पीत असेल तर पंपाविना तासाला साडेचाळीस लिटर, म्हणजे मिनिटाला ६७५ मिलिलिटर डब्यात पडले पाहिजे. कमी पडले तर टाकीचा वायुमार्ग, नळीचे तीव्र वळण, गाळणीत अडकलेला बांधणीचा कीस पाहावा. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन पट्टीचे तुकडेही कार्बोरेटरपर्यंत पोहोचतात. इंधनाच्या जोडांना ती वापरूच नये.

आता वजन. दारे बंद करून, वारा थांबवून, विमान आडव्या रेषेत आणून तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे. समजा नाकाच्या चाकावर ८२ किलो आणि मुख्य चाकांवर १७० व १६८ किलो आले. संदर्भरेषेपासून नाकाचे चाक १.०० मीटर, मुख्य चाके २.४० मीटर. एकूण वजन ४२०. आघूर्ण (वजन गुणिले अंतर) ८२ अधिक ८११.२, म्हणजे ८९३.२. भागाकार केला की गुरुत्वमध्य २.१३ मीटरवर. मग वैमानिक, सहप्रवासी, सामान, भरलेली टाकी आणि जवळपास रिकामी टाकी अशा प्रत्येक मांडणीचा हिशेब करून तो आराखड्याने दिलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहायचे. टाकी पुढे असेल तर इंधन संपत जाते तसा मध्य मागे सरकतो. निघताना मर्यादेत असलेले विमान उतरताना बाहेर गेलेले असू शकते. मध्य फार मागे गेला की विमान स्टॉलमधून (पंखांची उचल तुटण्याच्या स्थितीतून) आणि गिरकीतून नीट बाहेर येत नाही.

वजन वाढते ते हळूहळू: रंगाचा जादा हात, जाड गादी, आणखी एक उपकरण. दहा टक्के वजन वाढले की स्टॉलचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी आणि उड्डाणासाठी लागणारी धाव सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. रंगाचा आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या नियंत्रण-पृष्ठभागांचा तोल रंगानंतर पुन्हा तपासायचा असतो. मागच्या कडेवर चढलेला रंग बिजागरीमागचे वजन वाढवतो आणि वेगात ते पृष्ठभाग फडफडू लागतात. अशी फडफड काही क्षणांत शेपटी तोडू शकते.

पंख बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक सांध्याचे छायाचित्र काढावे आणि दुसऱ्या बांधणाऱ्याला आत डोके घालायला लावावे. ज्याने काम केले त्याला तिथे असायला हवे तेच दिसते. परक्या डोळ्याला सुटलेली कॉटर पिन दिसते.

पहिल्या उड्डाणाला गर्दी नको, प्रवासी नको, आणि वैमानिक त्या जातीच्या विमानाचा अलीकडचा सराव असलेला हवा. अमेरिकेत चाचणीचे साधारण ४० तास लोकवस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रात काढावे लागत आले आहेत. इंजिन आणि प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर २५. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२मध्ये या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला तेव्हा इंजिनाची ताकद जाणे आणि ताबा सुटणे ही ठळक कारणे दिसली, आणि बरेच अपघात विमानाच्या आयुष्यातल्या सुरुवातीच्या उड्डाणांत किंवा ते दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर लगेच झालेले आढळले. त्यानंतर, २०१४पासून, चाचणीत पात्र असा दुसरा वैमानिक सोबत नेण्याची सोय तिथल्या नियमांत झाली.

एवढे सगळे करून मिळते काय, असे वाचक विचारतील. दोन आसनी विमानाला संचापासून सुरुवात केली तरी १५०० ते २५०० तास लागतात. आठवड्याला बारा तास दिले तर अडीच ते चार वर्षे. पुष्कळ कामे अर्धवट विकली जातात, म्हणून आधी फक्त शेपटीचा संच घ्यावा. ती पूर्ण होईपर्यंत आवड खरी की खोटी हे कळते. जे टिकतात त्यांच्या हातात पत्रा, लाकूड, वायरिंग, इंजिन, हिशेब अशी चार-पाच कारागिरांची कला येते. अमेरिकेत मुख्य बांधणाऱ्याला त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवानाही मिळू शकतो, कारण त्या विमानाला त्याच्याइतके कोणी ओळखत नाही. नवा आवाज आला तर तो कुठल्या ब्रॅकेटमधून येतो हे त्याला ठाऊक असते. पंखाखालून जमीन सरकताना त्या पंखाचा प्रत्येक रिव्हेट आपल्या हातचा आहे, हे समाधान विकत घेतलेल्या विमानात नाही. ते शब्दांत पकडणे कठीण आहे, पण ते खरे आहे आणि त्यासाठी इतकी वर्षे घालवणे आम्हाला रास्त वाटते.

तेव्हा विनंती अशी: यापुढे अशा विमानाची बातमी देताना आपल्या वार्ताहराने बांधणाऱ्याकडे वजनाचा तक्ता, इंधनप्रवाहाची नोंद आणि तपासनीसाची सही असलेली बांधणीची वही मागावी, आणि त्यातले आकडे बातमीत छापावेत. खरा बांधणारा ती वही आनंदाने उघडून दाखवेल.

आपले,
लहान विमानांच्या बांधणीतील काही जाणकार वाचक