काका, तुमच्या काळ्या स्पंजसाठी

प्रिय काका,

समोर आभार मानायला आले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

जूनमध्ये लेकाच्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी आणली. दुकानदाराने त्याच संध्याकाळी बारा मासे पिशवीत बांधून दिले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, तर मी सगळं पाणी ओतून दिलं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख केला. आठवड्यात नऊ मासे गेले. राहिले तीन गप्पी, ती जातच चिवट. लेक जिन्यात बसून रडत होता म्हणून तुम्ही वर आलात आणि स्पंज बघून मलाच झापलंत, "अगं, घाण कसली धुतलीस, सफाई कामगारच हाकललेस की!"

मग कळलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट. त्यांची वस्ती स्पंजात, आणि ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन म्हणजे त्यांचा काळ.

दुसऱ्या दिवशी तुम्ही श्रीखंडाच्या डब्यात, स्वतःच्या टाकीच्या पाण्यात बुडवून, एक काळा स्पंज आणलात. बुळबुळीत! मी नाक धरणार होते, पण वास निघाला पहिल्या पावसातल्या मातीचा. तो आमच्या फिल्टरमध्ये कोंबलात, गप्पी तुमच्याकडे नेलेत, आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगितलंत. मासे नसताना खाणं! ते कुजून अमोनिया होतो, तोच त्या जिवाणूंचा खुराक. सासूबाई अजून हसतात.

रोज संध्याकाळी परीक्षानळीत टाकीचं पाणी आणि तपासणीचे थेंब. अमोनियाचा हिरवा रंग पिवळा व्हायला हवा, नायट्राइटचा जांभळा निळा, म्हणजे दोन्ही संपले. लेक कॅलेंडरवर त्याच रंगांचे ठिपके काढायचा. तेविसाव्या दिवशी पिवळा आणि निळा शेजारी शेजारी आले तेव्हा त्याने तुम्हाला गॅलरीतूनच हाक मारली, आठवतं? तरी तुम्ही चारच मासे आणू दिलेत. बाकीचे पंधरा दिवसांनी. आता दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, क्लोरीन मारायचे थेंब घालून, आणि स्पंज फक्त त्या काढलेल्या पाण्यातच खळबळतो. थंडीच्या आत हीटर आणायला लावलात, तोही २५ अंशांवर बसवून दिलात.

एक तक्रार मात्र आहे. आमच्या गप्पींना तुमच्याकडे पिल्लं झाली, हे मला लेकाकडून कळलं. ते तिघं परत कधी देताय?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची
कोथरूड, पुणे