गोळीबार योग्य होता का, या प्रश्नाआधीचे प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलिसांनी आंदोलकांवर बळ वापरले की वाचकांच्या पत्रांत दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, ‘दगड खात उभे राहायचे का पोलिसांनी?’ दुसरी म्हणते, ‘लोकांवर गोळ्या झाडणारे सरकार आमचे कसे?’ दोन्ही बाजू अख्ख्या घटनेला एकच शिक्का मारू पाहतात. कायदा तसे करत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक आदेश, प्रत्येक लाठी आणि प्रत्येक गोळी वेगळी असते. दहावी गोळी समर्थनीय असली म्हणून अकरावीही समर्थनीय ठरत नाही.

आधी अधिकार पाहू. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम 129 आता 148 झाले, मजकूर जवळजवळ तोच. बेकायदा जमाव, किंवा शांतता बिघडवण्याची शक्यता असलेला पाच वा अधिक जणांचा जमाव, यांना ‘पांगा’ असे सांगण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला (उदाहरणार्थ तहसीलदाराला) आहे, तसाच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला. तेव्हा ‘तहसीलदार हजर नव्हते म्हणून गोळीबार बेकायदा’ हा नेहमीचा आक्षेप कायद्यापुढे टिकत नाही. टिकतो तो दुसरा. आदेश दिला होता का? तो ऐकू गेला का? पाळायला वेळ आणि वाट होती का? पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 1979 मध्ये करमसिंग खटल्यात हाच क्रम सांगितला: आधी तसा जमाव हवा, मग पांगण्याचा आदेश, आणि तरीही न हलणे. यातली एक पायरी गळली की पुढचे सारे डळमळते.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. ‘कमीत कमी बळ वापरा, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करा’ असे स्पष्ट शब्द संहितेत आहेत, पण ते लष्कराला बोलावण्याच्या कलमात (जुने 130, आता 149). पोलिसांच्या कलमात ते नाहीत. पोलिसांवरचे हे बंधन न्यायालयांच्या निकालांतून आणि पोलिसांच्याच नियमावल्यांतून येते. नवी संहिता लिहिताना ही उणीव भरून काढता आली असती.

आता ‘वाट होती का’ हा प्रश्न, कारण माणसे सर्वाधिक इथेच मरतात. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळ अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात 114 जण गेले. एकही गोळी त्यांना लागली नव्हती. लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की तिथल्या कुणाचाही आपल्या पायांवर ताबा राहत नाही, गर्दीच माणसाला वाहून नेते. ध्वनिक्षेपकावरची सूचना पुढच्या दहा रांगांना कळते आणि मागच्यांना काहीच कळत नाही. पुढचे मागे वळू पाहतात, मागचे पुढे रेटत असतात. समोर कठडे, बाजूला भिंती, आणि पाचव्या मिनिटाला लाठी. म्हणून अनुभवी अधिकारी आधी मागची बाजू मोकळी करतो, सूचना मागून सुरू करतो, स्थानिक भाषेत तीन-तीनदा देतो, तिची वेळ वायरलेसवर नोंदवून घेतो आणि मगच पुढची फळी हलवतो. उलट क्रमाने केले की तोच बंदोबस्त सापळा होतो.

दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून 2011 मध्ये, रामदेव बाबांच्या आंदोलनात, मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर पोलिसांची कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात पोलिसांना बोल लावला आणि भरपाईतला 25 टक्के वाटा आयोजक न्यासावरही टाकला. आयोजकांच्या जबाबदारीवर आपल्याकडे कुणी बोलत नाही म्हणून हे मुद्दाम लिहिले. स्वयंसेवक किती होते, बाहेर जाण्याचे रस्ते माहीत होते का, व्यासपीठावरून ‘शांतपणे उठा’ म्हटले की ‘हलू नका’, हे प्रश्न त्यांनाही लागू आहेत.

‘सौम्य लाठीमार’ हा शब्द वर्तमानपत्रांनी टाकून द्यावा. लाठी पोटरीवर बसते की डोक्यावर, यावर ती सौम्य की घातक ते ठरते, बातमीतल्या विशेषणावर नाही. शिक्षण असते कमरेखाली मारण्याचे. डोके, मान आणि गळपट्टीचे हाड वर्ज्य. पण उभ्या माणसाच्या मांडीवर उगारलेली लाठी तो खाली वाकला की कवटीवर येते, आणि मार चुकवताना माणूस वाकतोच. पडलेल्याला, पळणाऱ्याला किंवा हात वर केलेल्याला मारणे तर जमाव पांगवणे नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अनिता ठाकूर खटल्यात नेमकी हीच रेषा ओढली. आंदोलकांनी हिंसा केली होती हे मान्य करूनही, ते आटोक्यात आल्यावर चालू राहिलेली मारहाण अवाजवी ठरवली आणि भरपाई द्यायला लावली.

अश्रुधुराचे तेच. वाऱ्याची दिशा न पाहता नळकांडी फोडली की धूर पोलिसांवरच येतो, मुखवटे अपुरे असतात, फळी विस्कटते, आणि विस्कटलेल्या फळीतले घाबरलेले शिपाई मग हाताला येईल ते वापरतात. बंद गल्लीत धूर सोडला की आंधळी झालेली माणसे कुठेही धावतात, कधी पोलिसांच्याच अंगावर. नळकांडे उंच कमानीत जाऊन गर्दीच्या पुढे पडायला हवे. सरळ रेषेत अंगावर मारले तर ते लोखंडी गोळ्याचेच काम करते. छर्ऱ्याच्या बंदुकांना ‘प्राणघातक नसलेले’ म्हणणेही फसवे आहे. एका काडतुसातून शेकडो छर्रे पसरत जातात, त्यांतला कोणता कुणाच्या डोळ्यात जाईल हे चाप ओढणाऱ्याच्याही हाती नसते. काश्मीरमध्ये 2016 साली डोळे गेलेल्यांत बघे होते, मुलेही होती.

मग बंदूक. 7.62 मिमीच्या एसएलआर रायफलीची गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने निघते. ती एका माणसातून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते आणि एक किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. हे शस्त्र युद्धासाठी घडवले आहे, चौकासाठी नाही. म्हणूनच ‘हवेत गोळीबार करून पांगवा’ ही लोकप्रिय सूचना पोलीस नियमावल्यांना मान्य नाही. डोक्यावरून गेलेली गोळी मागच्या मजल्यावरच्या खिडकीत शिरते, आणि समोरचा जमाव समजतो की काडतुसे खोटी आहेत. ‘पायावर मारा’ हेही बोलायला सोपे. धावता पाय हे हलते लक्ष्य आहे, दगड उचलायला वाकलेल्याचे डोके नेमके गुडघ्याच्या उंचीवर येते, आणि डांबरावर आपटलेली गोळी कुठे उसळेल ते सांगता येत नाही.

नियमाप्रमाणे करायचे तर सशस्त्र तुकडी लाठीवाल्यांच्या मागे वेगळी उभी असते, हाताने फेकलेल्या दगडाच्या टप्प्याबाहेर, म्हणजे साधारण पन्नास मीटरपलीकडे. गोळीबाराचा स्वतंत्र, स्पष्ट इशारा दिला जातो. अधिकारी शिपायाचे नाव घेऊन सांगतो, अमक्याने एक फैर, हातात पेटता बोळा असलेल्या त्या माणसावर. फैर झाली की थांबायचे, पाहायचे. जमावाने पाठ फिरवली की संपले. लगेच जखमींना उचलायचे, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, प्रत्येक शिपायाची उरलेली काडतुसे मोजायची. बिघडते कुठे? सशस्त्र जवानच पहिल्या रांगेत उभे केले जातात. दगड त्यांच्यावर पडतात, एकाने भीतीने चाप ओढला की शेजारचे आदेश झाला समजून ओढतात. पाच सेकंदांत वीस-पंचवीस गोळ्या जातात, आणि आदेश कुणाचा होता हे नंतर ‘शोधावे’ लागते.

भीती खरी असते हे नाकारू नये. 4 फेब्रुवारी 1922 रोजी चौरीचौऱ्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे मेले, काडतुसे संपली, आणि जमावाने ठाण्यासह 22 पोलिसांना जाळले. घाईने गोळ्या उधळणारी तुकडी स्वतःलाही वाचवू शकत नाही, हे तिथे दिसते. आणि ‘आधी त्यांनी गोळ्या झाडल्या’ हे खरे असूनही गांधींनी ते समर्थन स्वीकारले नाही, असहकार चळवळच थांबवली.

आंदोलकांच्या बाजूने ‘आम्ही फक्त उत्तर दिले’ असे म्हणणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेची (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची) 34 ते 44 ही कलमे वाचावीत. खासगी बचावाचा हक्क धोका उभा असेपर्यंतच असतो. तासाभराने दुसऱ्याच चौकातल्या दुसऱ्याच शिपायाला दगड मारणे हा सूड झाला. सद्हेतूने काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच हा हक्क मिळतो. पण हीच कलमे उलट दिशेनेही, म्हणजे पोलिसांच्या बाबतीतही, वाचायला हवीत. मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्याची मुभा देणाऱ्या कलम 41 मध्ये जाळपोळीचा उल्लेख आहे तो राहण्याच्या किंवा माल साठवण्याच्या इमारतीचा, तंबूचा, नौकेचा. रिकामी उभी बस त्या यादीत नाही. तिच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची भीती असेल तर गोष्ट निराळी. पोलिसी बळाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या मूलतत्त्वांचाही सूर तोच: बंदूक फक्त मृत्यूच्या किंवा गंभीर इजेच्या निकट धोक्यापुढे, हिंसक जमाव पांगवतानासुद्धा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला गोळीबारात पंधरा जण गेले, आणि त्या चौकाला आपण हुतात्म्यांचे नाव दिले. ज्यांना तेव्हा सरकार दंगेखोर म्हणत होते त्यांच्या स्मारकाला आज मंत्री पुष्पचक्र वाहतात. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी दहा जण मेले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, तरी सत्र न्यायालयाची शिक्षा यायला 2009 उजाडले. 9 ऑगस्ट 2011 ला मावळात द्रुतगती मार्गावर पवनेच्या पाण्यासाठी उभे राहिलेले तीन शेतकरी गेले. तिन्हीकडे आंदोलकांची मागणी वेगळी, पण नंतरचा वाद एकच.

तो वाद लांबतो याचे कारण पुरावा. चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, आणि आयोगापुढे दिलेली जबानी त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते (जुने 132, आता 151). म्हणजे ज्याच्या आदेशाने बंदोबस्त लागला त्याच्याच दारी परवानगी मागायची. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत हाती लागलेले कागदच उपयोगी पडतात. शवविच्छेदनात जखम छातीत की पाठीत, आणि गोळी कोणत्या कोनातून शिरली, हे लिहिलेले असते. पाठीतली जखम बहुधा पळणाऱ्या माणसाची असते. शस्त्रागाराच्या नोंदवहीत कुणी किती काडतुसे नेली आणि किती परत केली, ते असते. वायरलेसच्या नोंदीत आदेशाची वेळ असते. चौकातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण मात्र बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी नेत्यांच्या प्रतिक्रिया कमी छापल्या तरी चालतील. आदेश कुणी दिला, किती वाजता, एकूण फैरी किती, पुंगळ्या किती सापडल्या, जखमा शरीराच्या कोणत्या भागात, एवढे विचारा आणि उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर दिले नाही’ असे छापा. आणि मृतांच्या नातेवाइकांना त्याच दिवशी कुणीतरी सांगा की चित्रण व वायरलेसच्या नोंदी जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे द्यावा आणि त्याची पोच, शिक्का व तारखेसह, घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये.

आपला,
एक वाचक