ताई, त्या दोन किल्ल्यांबद्दल

ताई,

तुमचा बेघरांचा निवारा सोडून मला चार महिने झाले. निघताना कपाटाच्या दोन्ही किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवल्या आणि काही न बोलता जिना उतरलो. घसा इतका दाटला होता की शब्दच फुटेना. तेव्हा राहून गेलेलं आज लिहितोय.

2013 च्या दुष्काळात मी जालना सोडलं. मुंबईत बांधकामावर लागलो, साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहायचो. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ठेकेदार दोन महिन्यांची मजुरी बुडवून फोन बंद करून बसला. काम गेलं, त्यासोबत डोक्यावरचा पत्राही गेला. मग दोन वर्षं पुलाखाली.

येणारे-जाणारे म्हणायचे, धडधाकट माणूस आहे, काम का करत नाही? ताई, काम मिळत होतं. नाक्यावर उभं राहिलं की आठवड्यात तीन-चार दिवस कोणी ना कोणी न्यायचंच. पण बोचकं कुठे ठेवू? अंथरूण, एक बरा शर्ट, आधार कार्ड, आईचा फोटो. सोबत नेलं तर मुकादम म्हणायचा, कामाला आलास की बिऱ्हाड घेऊन आलास? ठेवून गेलं तर संध्याकाळी जागेवर सापडेल याचा भरवसा नाही. एक दिवस सापडलं नाहीच. नवं आधार काढायला एका कचेरीत गेलो, तर खिडकीतले साहेब म्हणाले, पत्त्याचा पुरावा आणा. मी पुलाचं नाव सांगितलं. ते हसले, मागच्या रांगेतलेही हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

मग तुमच्या निवाऱ्यात आलो. तुम्ही मला पहिल्याच दिवशी "काका, बसा" म्हणालात. मग सतरा नंबरचं लोखंडी कपाट दाखवलंत आणि काळ्या दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या हातावर ठेवल्यात. मी एक परत करायला लागलो. म्हटलं, एक ऑफिसात असू द्या, सगळीकडे तसंच असतं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या कपाटात माझं काय काम? दोन्ही तुमच्याकडेच ठेवा."

तुम्ही लगेच दुसऱ्या कामाला लागलात. मी मात्र बराच वेळ तिथेच उभा होतो. एक किल्ली खिशात टाकली, दुसरी करदोड्याला बांधली. दोन वर्षं बोचकंच माझी उशी होती, कुणी ओढलं तर जाग यावी म्हणून. त्या रात्री डोक्याखाली खरी उशी होती आणि सकाळी चहाची हाक येईपर्यंत मला जाग आली नाही. दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर मोकळ्या हातांनी गेलो.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. आधार, बँकेचं खातं, सोसायटीतली वॉचमनची नोकरी, खोलीच्या डिपॉझिटसाठी दर पगारातून बाजूला ठेवायला लावलेले पैसे. एकेका कागदासाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते मी पाहिलंय. पण ताई, माझं आयुष्य वळलं ते त्या दुसऱ्या किल्लीवर. माझ्यावर कुणी भरवसा ठेवू शकतं हे मी विसरून गेलो होतो.

तुमच्याकडूनच कळलं की लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सुप्रीम कोर्ट 2010 पासून सांगतंय. त्या हिशोबाने मुंबईत सव्वाशे तरी हवेत. 2011 च्या जनगणनेतच इथे 57 हजारांवर बेघर मोजले गेले होते. पुलाखाली आम्ही अकरा जण होतो. असा निवारा असतो हे आम्हाला सांगायला दोन वर्षांत एकही माणूस आला नाही. खिचडी वाटणारे यायचे, फोटो काढून जायचे. त्यांच्या अन्नाला मी नावं ठेवणार नाही, भुकेला ते लागलंच. पण उद्या कामावर कसा जाशील, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

त्या अकरांतले दोघे आता तुमच्याकडे आहेत, मीच आणून सोडले. धाकटा थोडा तापट आहे, सांभाळून घ्या.

वांगणीला खोली घेतलीय. दिवाळीला बायको गावाहून येतेय, सात वर्षांनी आम्ही एका घरात सण करू. तुम्ही फराळाला यायचंच. स्टेशनवर उतरलात की फोन करा, मी घ्यायला येतो. आणि निवाऱ्याच्या वहीत माझ्या नावापुढे पत्त्याची जागा रिकामी होती ना, तिथे आता खोलीचा पत्ता लिहा.

तुमचा,
सतरा नंबरवाला काका