सुईचा तास

बोरिवली, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर, रेडिओने गाणी वाजवायचे पैसे द्यावेत की नाही, यावरून आपलं वाजलं. तू "आई, तुमचा जमाना वेगळा होता" म्हणालास आणि मी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. खरं सांगते, कुकर लावलाच नव्हता. आता बाबा झोपलेत म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, इथे ती सोय नाही.

तुझं म्हणणं मला कळलेलं नाही असं समजू नकोस. जळगावचं तुझं एफएम रेडिओ स्टेशन लहान. जाहिराती कुणाच्या, तर सराफ, ठिबकच्या नळ्या, कोचिंग क्लास. त्यातून रेकॉर्डिंगचे पैसे रेकॉर्ड कंपनीला द्यायचे, शब्दांचे आणि चालीचे वेगळे, वर सरकारची फी, वीज, माणसांचे पगार. आणि तुझं ते वाक्य, "आम्ही वाजवतो म्हणून गाणं लोकांपर्यंत जातं, खरं तर त्यांनीच आम्हाला पैसे द्यायला पाहिजेत." वर अमेरिकेचा दाखला.

अमेरिकेचं आधी उरकते. तिथे एफएमवाले गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काही देत नाहीत, हे खरं. पण गाणं लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला देतात, ते तू गाळलंस. गायकांनाही मिळावं म्हणून तिथे विधेयकं येत असतात. त्यातल्या एकात कमी उत्पन्नाच्या स्टेशनांना वर्षाचे 500 डॉलर, इतकीच रक्कम ठेवली होती. म्हणजे तुझ्यासारख्यांची काळजी तिथेही कुणीतरी वाहतंय.

आता ती फुकटची जाहिरात. लालबागला असताना तुझी आजी पुरणपोळ्या करून द्यायची, तुला आठवत नसेल. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला एकदा म्हणाला, "काकू, रोज वीस पोळ्या माझ्या काउंटरवर ठेवा, तुमचं नाव होईल." आजीने आठ दिवस ठेवल्या. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पोळ्या खपतात, त्याचा गल्ला भरतो, आणि गिऱ्हाईकाने विचारलं की तो सांगतो, "घरच्याच आहेत." तुझा युक्तिवाद ऐकताना मला तो काउंटर आठवला. नाव होईल म्हणून फुकट मागायचं, आणि नाव तर घ्यायचंच नाही.

मी रेडिओच्या रेकॉर्ड लायब्ररीत बावीस वर्षं काढली, ते तुला ठाऊक आहे. पण तिथे मी नेमकं काय करायची, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुमच्या हिशेबात तो 'नीडल अवर' शब्द येतो ना? तुमच्या स्टुडिओत कुणी सुई पाहिलीही नसेल. सुई तबकडीवर जितका वेळ टेकलेली, तितकाच वेळ धरायचा. निवेदन, बातम्या, जाहिराती त्यात येत नाहीत. 78 च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणजे सुईचा एक तास भरायला सतरा ते वीस बाजू लागतात. त्या प्रत्येक बाजूची ओळ मी क्यू शीटवर लिहायची. रेकॉर्डचा नंबर, मुखडा, गायक, गीतकार, संगीतकार, मिनिटं, सेकंद. निवेदक तो कागद समोर ठेवून बोलायचा. वाजलेल्या गाण्याचे पैसे कुणाचे, हेही अशाच कागदावरून ठरतं. कागदावर नाव नसेल तर पैशाला पत्ता नाही.

एकदा संध्याकाळच्या लोकगीतांसाठी मी एक जुनी तबकडी काढली. लेबल घासून पांढरं पडलेलं, गायकाचं नाव कसंबसं लागत होतं, खालची ओळ पार पुसलेली. कॅटलॉग पलीकडच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली जिच्याकडे ती जेवायला गेलेली, आणि मला तर ते गाणं तोंडपाठ होतं. आमच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी व्हायचं. इतकं तोंडपाठ असलेलं गाणं कुणी केलेलं असेल असं मनातच येत नाही रे. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात मी 'पारंपरिक' लिहून मोकळी झाले.

सात-सव्वासातला घरी आले. जिन्याशी, पहिल्या मजल्यावरचे नाना कठड्यावर ट्रान्झिस्टर ठेवून बसले होते. गिरणीत साचे चालवायचे, शनिवारी भजनाला पेटी घ्यायचे, एवढीच मला त्यांची ओळख. मला पाहून त्यांनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, "पोरी, मी आज पारंपरिक झालो."

रागावले असते तर सोसलं असतं. ते हसत होते. मग आत जाऊन त्यांनी फडक्यात गुंडाळलेली तीच तबकडी आणली. तिचं लेबल कोरं करकरीत होतं आणि त्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं. कंपनीने दोनशे रुपये आणि ही एक तबकडी दिली होती, कागदावर सही घेतली होती, विषय संपला होता. पुढे एक पैसा नाही. गाणं लागलं की नाव ऐकायला मिळे, तेवढंच. ते मी घालवलं. दुसऱ्या दिवशी मी कार्ड दुरुस्त केलं. ते गाणं पुढे मी लायब्ररीत असेपर्यंत दोनदाच लागलं.

नावासाठी असं ताटकळणं नानांच्याच नशिबी होतं असं नाही. 1949 साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी कोण, हे विचारायला लोकांनी रेडिओला पत्रं लिहिली, मग कंपनीकडून नाव मागवलं गेलं आणि लता मंगेशकर हे नाव हवेत गेलं. पुढे साठच्या दशकात त्यांनीच रॉयल्टीचा आग्रह धरला. रफीसाहेबांचं मत उलटं, गायलो, पैसे घेतले, संपलं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब माझ्या फार आवडीचे, बाबांना विचार, पण या बाबतीत मी लताबाईंच्या बाजूची.

नानांसारख्यांनी सही करून जे घालवलं, ते कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने बंद झालं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी ते लावून धरलं. आता गीतकार-संगीतकाराने सही केली तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. 28 एप्रिल 2023 ला आपल्या मुंबई हायकोर्टानेही एफएम कंपन्यांना तेच सुनावलं. रेकॉर्डिंगचे पैसे कंपनीला दिले म्हणजे शब्द आणि चाल फुकट मिळाली असं नाही.

एका बाबतीत मात्र तुझं बरोबर आहे आणि तिथे मी तुझ्या साहेबांशी भांडायलाही येईन. तासाला इतके रुपये, ही पद्धत लहान स्टेशनला जाचते. रात्री तीनला ट्रक ड्रायव्हर आणि वॉचमन ऐकतात, तेव्हा सराफ जाहिरात देत नाही, पण सुई तर टेकलेलीच असते. असे दर ठरवणाऱ्या कॉपीराइट बोर्डाने ऑगस्ट 2010 मध्ये निव्वळ जाहिरात उत्पन्नाचे 2 टक्के ठरवले होते, ते मला पटलं होतं. शंभर आले तर दोन द्या, दहा आले तर वीस पैसे. रेकॉर्ड कंपन्यांना ते खुपलं. दहा वर्षांची मुदत 2020 च्या सप्टेंबरात संपली आणि डिसेंबरच्या आदेशात पुन्हा तासाचा हिशोब आला. टक्क्यासाठी भांडा, जरूर भांडा. टक्का मागताना आपली जाहिरातीची वही उघडी ठेवावी लागते, तेवढं तुमच्या मालकांना विचारून घे.

पण "देणारच नाही" हे माझ्यापुढे बोलू नकोस.

आणि तू मागे कौतुकाने क्लिप पाठवली होतीस, ती मी तीनदा ऐकली. तुमची ती मुलगी गोड बोलते. तिने जळगावचं तापमान सांगितलं, सराफाचं नाव दोनदा घेतलं, पत्त्यासकट. मग एक कोळीगीत लागलं, संपलं, आणि ती पेट्रोलच्या भावावर गेली. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, एक अक्षर नाही. तुम्ही ज्या कलमाखाली गाणी वाजवता त्याच, कॉपीराइट कायद्याच्या 31-ड मध्ये लिहिलंय की प्रसारणासोबत रचनाकारांची आणि मुख्य कलावंतांची नावं सांगायची. त्याला पैसे पडत नाहीत. सहा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून वाचून पाहिलं.

बाबांचा गुडघा बरा आहे. खाली बसायचं नाही सांगितलंय, तरी बसतात. तू जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
आई

ता. क. शेजारच्या काकांबरोबर मेथीचे लाडू पाठवलेत, ऑफिसात वाटून टाकू नकोस. आणि क्लिपमधल्या त्या कोळीगीताची चाल कुणाची, ते शोधून कळव. माझ्या मनात एक नाव आहे, पण अंदाजाने लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं.