गोडाच्या पाककृतीखाली कर्बोदकांचा आकडा हवा

संपादक महोदय,

'साखर न घालता' अशा मथळ्याखाली गोड पदार्थांच्या पाककृती वरचेवर छापून येतात. मधुमेह असलेले वाचक विश्वासाने त्या करून खातात. प्रत्यक्षात साखरेच्या जागी मध किंवा खजूर घातलेला असतो. 100 ग्रॅम मधात सुमारे 82 ग्रॅम कर्बोदके असतात, सुक्या खजुरात सुमारे 75. खजुरातल्या तंतूंचा थोडा फायदा सोडला, तर रक्तातल्या ग्लुकोजला फारसा फरक पडत नाही. म्हणून विनंती अशी, की दर पाककृतीखाली एका वाटीत किती ग्रॅम कर्बोदके आहेत, ते छापावे.

हा हिशेब अवघड नाही. भाजलेले कस्टर्ड घ्या. 400 मिली दूध, 4 अंडी, 80 ग्रॅम साखर, वाट्या चार. दुधातली लॅक्टोज (दुधाची स्वतःची साखर) साधारण 20 ग्रॅम, अंड्यांत नगण्य. म्हणजे एका वाटीत 25 ग्रॅम, आणि त्यातले 20 निव्वळ साखरेचे. साखर काढून 50 ग्रॅम एरिथ्रिटॉल (रक्तातले ग्लुकोज जवळजवळ न वाढवणारा, साखरेसारखा दाणेदार गोड पदार्थ) आणि चिमूटभर स्टीव्हिया (एका वनस्पतीच्या पानांपासूनचा अतिशय गोड अर्क) घातला, की रक्तातले ग्लुकोज वाढवणारी कर्बोदके वाटीमागे पाचच ग्रॅम उरतात. दूध गरम करावे, उकळू नये. फेटलेल्या अंड्यांत ते थोडे थोडे ओतून गाळून घ्यावे. वाट्या निम्म्या बुडतील एवढ्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून 150 अंश सेल्सिअसला 35 ते 40 मिनिटे भाजावे. मधला भाग किंचित हलत असतानाच बाहेर काढावे. जास्त तापले की अंड्यातली प्रथिने आवळतात, पाणी सुटते आणि कस्टर्डला जाळी पडते.

साखरेएवढाच एरिथ्रिटॉल घालून सगळे जमेल, असे मात्र नाही. त्याची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के. ती भरून काढायला प्रमाण वाढवले, तर पदार्थ गार झाल्यावर खडे धरतात आणि जिभेला थंडावा जाणवतो. त्याचे कॅरॅमल होत नाही, केकला रंग चढत नाही. आइस्क्रीम तर दगडासारखे घट्ट होते. मिळत असेल तर तिथे ॲल्युलोज (ग्लुकोज फारसे न वाढवणारी एक दुर्मीळ साखर) उत्तम: त्याला रंगही येतो आणि आइस्क्रीम मऊ राहते.

विकतच्या 'शुगर फ्री' चॉकलेटच्या वेष्टनावर 'साखर 0' एवढेच वाचू नये, एकूण कर्बोदकांची ओळ पाहावी. त्यात बऱ्याचदा माल्टिटॉल हा साखरेचा पर्याय असतो. साखरेपेक्षा कमी, पण तो रक्तातले ग्लुकोज वाढवतोच. शिवाय जास्त खाल्ले की पोट बिघडते.

आणि नेहमीचाच साखरेचा पदार्थ खावासा वाटला? जरूर खावा. रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर. आणि त्याच जेवणातला ब्रेडचा एक काप वगळावा, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम कर्बोदकांची जागा होते. मोजून घेतलेली अर्धी वाटी आनंदाने खाणे हे कायमच्या बंदीपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे.

एक सूचना मात्र ठळक छापाच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस बिनसाखरेच्या वाटीतल्या खऱ्या आकड्यावर ठरवावा, सवयीने नव्हे. रक्तातली साखर एकदम उतरली, तर असे बिनसाखरेचे गोड उपयोगाचे नाही; तेव्हा 15 ग्रॅम ग्लुकोजच लागते.

– एक आहारतज्ज्ञ