मिरचीला नवतपा नको, फेब्रुवारीचं ऊन द्या

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात वाळवणाच्या पानावर मिरची नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वाळवायला सांगितली आहे, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिली. पापड करा, कुरडया करा, सरगुंडे करा, मे महिन्यात खुशाल करा, पण मिरची नको. आपल्या नागपुरात एक समजच होऊन बसला आहे की ऊन जितकं जास्त तितकं वाळवण चांगलं, पारा ४५ च्या वर गेला की आपल्याला उगाच अभिमान पण वाटतो, पण मिरचीचं तसं नाही ना बाप्पा. तिचा लाल रंग ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सँथिन कडक ऊन आणि उजेड दोन्हीनी उडत जातं. मे मधल्या तापलेल्या स्लॅबवर ओली मिरची टाकली की वरची साल कडक होते, देठाजवळ आत ओल तशीच राहते आणि रंग पांढरट-पिवळा पडतो. बाजारात अशी मिरची फटकी म्हणून बाजूला काढतात, भाव पण तसाच.

आणि मे मध्ये चांगली ओली लाल मिरची मिळते तरी कुठे? भिवापूरकडचे तोडे हिवाळ्यात सुरू होतात, सातऱ्यावर, म्हणजे मिरची पसरायच्या मैदानावर, बाया देठं खुडायला बसतात ते पण त्याच दिवसांत. भिवापुरी मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून आपण मिरवतो, पण घरी आणायच्या वेळेला एप्रिल उजाडल्यावर जागे होतो. फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, हीच वेळ. हवा कोरडी असते, ऊन सोसवेल इतकंच असतं, वारा पण असतो. मिरची नुसत्या उन्हाने वाळत नाही, खालून वरून खेळणारी कोरडी हवा तिला जास्त लागते. म्हणून स्लॅबवर न टाकता बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरून एकच थर पसरायचा, ऊन फार वाटलं तर वरून पातळ ओढणी टाकायची.

देठ आधी तोडू नका, हे तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. सोयीचं पडतं म्हणून लोक ओल्या मिरचीचेच देठ तोडतात आणि मग त्या भोकातून ओल आणि बुरशी आत शिरते. डागाळलेली, दबलेली, किडलेली मिरची पहिल्याच दिवशी काढून टाका, जीव करू नका तिच्यावर. रोज हात फिरवून पलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची. झाली की नाही ते बघायला हातात घेऊन हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि वाकवली तर न वाकता तुटली पाहिजे. चार किलो ओल्या मिरचीची साधारण किलोभर उतरते, त्यामुळे डबा रिकामा दिसला तर घाबरू नका.

आता आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे कूलर. दिवसभर वाळलेली मिरची संध्याकाळी आणून लोक हॉलमध्ये कूलरसमोर ठेवतात, आणि कूलर तर पाण्याचीच हवा फेकतो, रात्रीतून मिरची सादळते आणि सकाळी परत नरम. मे मध्ये कूलर बंद ठेवून झोपणं तर शक्यच नाही, म्हणून पण म्हणते की फेब्रुवारीतच उरका. मार्चमध्ये अवकाळी आला तर पंख्याखाली पसरा, ओव्हन असेल तर ५०-६० डिग्रीवर दार जरासं उघडं ठेवून, पण खिडक्या उघड्या पाहिजेत नाहीतर सगळं घर खोकत बसेल.

अर्धवट वाळलेली मिरची डब्यात भरणं सगळ्यात वाईट. त्यात जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हरला घातक आहे, आणि भाजीत शिजवल्याने ते काही पूर्ण जात नाही. वरून पुसून, परत ऊन दाखवून कांडपाला नेऊ नका, फेकून द्या. चांगली वाळलेली पण उन्हातून उचलून गरम गरम भरू नका, वाफ धरते, थंड होऊ द्या मग भरा.

काही जणी म्हणतात एवढी मेहनत कशाला, पाकिटातलं तिखट किती लालभडक असतं. असेल बाई, पण २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात युरोपात सुदान-१ सापडला होता, तो रंग बुटाच्या पॉलिशमध्ये वापरतात. सगळी पाकिटं तशी असतात असं मी म्हणत नाही, पण घरचं तिखट जरा फिकं दिसलं म्हणून नाक मुरडू नका. आणि तिखटपणा बियांत असतो म्हणून बिया काढून टाकणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. हाताची आग झाली तर नुसत्या पाण्याने जात नाही, आधी तेल चोळा मग साबण लावा.

शेवटचं सोसायटीवाल्यांसाठी. आजकाल गच्चीवर सोलर लागले, चांगलंच आहे, पण त्याच्या नावाखाली गच्चीला कायमचं कुलूप लागून राहिलं आहे, आमच्याकडे तर चावी मागितली की कारण लिहून द्या म्हणतात. गॅलरीत दोन तास ऊन येतं, त्यात कोणाची मिरची वाळणार? फेब्रुवारी-मार्च सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चावी वॉचमनजवळ ठेवा, पॅनलला कोणी हात लावणार नाही. मिरची उतरली की मग पाहिजे तर दोन कुलपं लावा.

आपली एक वाचक,
महाल, नागपूर