‘वांझ’ म्हणण्याआधी तिचा खुराक पाहा

माननीय संपादक,

उन्हाळा सरत आला की सत्तरी-सांग्याच्या गावांत भाकड गुरे विकण्याची बोलणी सुरू होतात. ‘माजावरच येत नाही, पोसायची तरी किती दिवस?’ असे गोठ्यागोठ्यात ऐकू येते. यातल्या पुष्कळ गायी-शेळ्या वांझ नसतात, अर्धपोटी असतात.

अर्धपोटी राहिल्याने मेंदूत काय घडते, हे संशोधकांनी मेंढ्यांवर फार बारकाईने तपासले आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग असतो. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, झटक्याने सुटते. त्याच्या तालावर मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एलएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि मग अंडाशयात बीज पिकते. शास्त्रज्ञ शॅली यांनी डुकरांच्या आणि गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या मेंदूंतून १९७१ च्या सुमारास जीएनआरएचची रचना उलगडली. दोघेही १९७७ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

मेंढीचा चारा तोडला की अंगावरची चरबी झडते आणि चरबीतून रक्तात येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते. मेंदूत भूक चेतवणारे एनपीवाय वाढते, तर जीएनआरएचला चालना देणारे किसपेप्टिन कमी पडते. झटके विरळ होतात, माज थांबतो. अशा रोड मेंढीला बाहेरून जीएनआरएच ठरावीक अंतराने टोचले, तर तिची पियुषिका एलएच सोडते. म्हणजे खालची यंत्रणा शाबूत असते, हुकूम मेंदूनेच अडवलेला असतो. अर्धपोटी ठेवलेल्या कोकरांचे वयात येणेही लांबते. पोटभर खायला मिळू लागले की एलएचचे झटके पुन्हा वाढतात.

गोव्यात मेंढ्या नावालाच. पण गायी-शेळ्यांतही वाट साधारण हीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरचे गवत करपते आणि दावणीला उरतो भाताचा पेंढा. त्याने पोट भरते, अंग भरत नाही. त्यात गाय दुभती असेल तर ती स्वतःचे अंग झिजवून दूध देते. आपली गोव्याची गावठी गाय श्वेतकपिला काटक खरी, म्हणून तिला काही लागतच नाही असे नव्हे. अशा गायीचा खुराक न सुधारता नुसती हार्मोनची इंजेक्शने देत राहणे मला पटत नाही. गर्भाशयाचा दाह, खनिजांची कमतरता, मुका (बाहेरून न दिसणारा) माज ही कारणेही असतात, तेव्हा डॉक्टरांची तपासणी हवीच.

पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे. कृत्रिम रेतनाच्या आधी बरगड्या, कणा आणि कमरेची हाडे चाचपून गुराला १ (अगदी रोड) ते ५ (फार लठ्ठ) पैकी गुण द्यावेत आणि ते कार्डावर लिहावेत. त्याला खर्च काहीच नाही, हात सरावला की दोन मिनिटे पुरतात. शेळीपालकांच्या शिबिरांत बोकड सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवायला शिकवावे. मेंढपाळीत ही रीत जुनी आहे आणि तिने जुळ्यांचे प्रमाण वाढते. नेपियर या चाऱ्याच्या गवताची ठोंबे पाऊस सुरू होण्याआधी हातात पडावीत, म्हणजे बांधावर आणि कुळागराच्या कडेला वेळेत लावता येतील. आणि रोडावलेली भाकड गाय विकण्याआधी तिला दोन महिने पेंड व खनिज मिश्रण घालून पाहायला गरीब पशुपालकाला हातभार मिळावा.

– एक पशुपालक, वाळपई